मी जास

नगरपालिकेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन याद्या आल्या:
पारोळ्याचे नामवंत पुरुष, पान नऊ ते तेवीस.
पारोळ्याच्या कर्तबगार स्त्रिया, पान चोवीस,
तेही अर्धं बियाण्यांच्या जाहिरातीचं.

तेवीस आणि चोवीस हा एकच कागद.
पालटला की झालं.
मी तो उजेडासमोर धरून बसलोय,
मधे कुठे नथाचं नाव मावतं का बघत.

आधीची तीन पोरं पाचवी पुजायच्या आत गेली,
म्हणून चौथ्याचं नाक टोचलं,
परकर नेसवला, केसांना रिबीन,
सटवाईला वाटावं, पोरगी आहे, असू दे.
सटवाई फसली.
सातव्या वर्षी नथ काढायला सोनार आला
तेव्हा नथा सरकीच्या ढिगात लपला.
लपली.
अडतीस वर्षं मराठी शिकवली मी,
आणि हे एक क्रियापद
खोडतो, लिहितो, खोडतो.

नथ राहिली. वर धोतर आलं.
पिठाने पांढऱ्या भुवया,
रॉकेलचं इंजिन एका लाथेत सुरू.
बायका म्हणत नथामाय, गडी म्हणत नथाबापू,
आम्ही पोरं दोन्ही म्हणायचो
आणि वर गूळ मागायचो.
बहात्तर साली लाल मिलो आख्ख्या गावाचा
उधारीवर दळला या हातांनी. वही कधी उघडली नाही.
एरवी दर पायलीमागे मूठभर पीठ मारायची सवय होती,
स्मरणिका असली तरी
हेही लिहिलं पाहिजे.

आणि कानबाईचे रोट.
गहू मोजायचे घरातल्या पुरुषांच्या नावाने, माणशी सव्वा मूठ.
भावाचा हात परातीवर अडला.
सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं.
चक्कीवरून आवाज आला:
"मन्हा नावना टाका, नका टाका,
दयस त मीच ना!"
भावाने एक मूठ टाकली.
वरची पाव वहिनीने.

पुढे मी प्रौढ शिक्षणाचा वर्ग घेतला, कंदिलावर.
फळ्यावर लिहिलं: मी जातो. मी जाते.
मागच्या रांगेतून: "गुरुजी, अन् मी?"
मी विचारलं, घरी काय म्हणता?
"मी जास."
ते अशुद्ध आहे, म्हणालो.
हे म्हणालो मी. माझ्या आईची बोली ती.
तो जास, ती जास, मी जास,
जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.
दुसऱ्या दिवशी वर्गात एक पाटी कमी होती.

गेल्या महिन्यात प्रांजल आलं,
भाच्याचं लेकरू, नाशिकला ॲनिमेशन शिकतंय,
एका नखाला निळा रंग, बाकी नऊ कोरी.
"तो नको, आजोबा. ती पण नको.
आणि 'ते' म्हटलं की मी भांडं वाटतं."
मला हसू आलं, मग आलं नाही.
ओसरीवर बसून मी शिकवलं:
मी येस. मी खास. मी हासस.
प्रांजलचे उच्चार अगदी शहरी,
शेंगा फोडल्यासारखे.
मग मला कबूल करावं लागलं
की भूतकाळात आपल्या बोलीचंही चुकतं,
तिथे गया आणि गई वेगळे होतात.

प्रांजल शेंगदाणा चघळत म्हणालं,
"मग नथाला भूतकाळात पाठवताच कशाला?"

छापखान्याचा मुलगा दारात उभा आहे.
यादी तयार का, पान कुठलं टाकू?
मी चष्मा पुसतो.
कागदाची कुठली बाजू वर आहे ते न बघता लिहितो:

नथा सकायले उठस.
चक्कीना पट्टा चढावस.
नथ घालस.
मूठभर पीठ मारस,
मंग हासस.