चेंबरचं पॅकिंग

मे महिना, पहाटेचे पाच.
अशोक चौकाच्या मागल्या गल्लीत
मी गाडीखाली आडवी.
आठ वाजले की फरशी तापणार,
मग तिच्यावर भाकरी टाका, पाठ टेकू नका.

नाना प्लास्टिकच्या खुर्चीत,
खुब्यात नवी वाटी, हातात जुनी काठी.
त्यांना माझे फक्त पाय दिसतात.
ते पायांशीच बोलतात :
"ठोकळे सरकव आधी. जॅक म्हणजे पाहुणा,
कधी उठेल सांगता येत नाही."

दोन वर्षं अंगणात एक डाग आहे.
आई त्याला वळसा घालून मुग्गू काढते.
आता वळसाच नक्षी झालाय,
शेजारणी विचारतात, हा कुठला नमुना?

ड्रेन नट सुटला.
घमेल्यात आधी धार,
मग सूत,
मग सूत तुटलं,
आणि नाना सवयीनं म्हणाले,
"जोड."

दोघंही काही वेळ गप्प.

चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा,
त्यावर पेन्सिलनं चेंबरचा आकार,
भोकं पाडून ठेवलेली.
जो बोल्ट निघेल तो त्याच्या घरी.
दहाचा पाना, कटक, सुटला. कटक, सुटला.
मागल्या कोपऱ्यातला एक मात्र
दहाला दाद देईना,
अकराला देईना.
"काय करलालीस गं एवढा वेळ?"
"नाना, हा बोल्ट गाडीचा नाही."

खुर्ची जराशी करकरली.
"मागाचा आहे. पाव इंची.
आटे गेले होते, टॅप मारून बसवला.
कारखान्याला कुलूप लागलं त्या आठवड्यात
खिशात एवढंच राहिलं होतं."

चेंबर खाली आलं, जड, कोमट,
म्हशीच्या तोंडासारखं ओलं.
कॉर्क बाहेर लोंबत होता
चघळलेल्या चोथ्यासारखा.
आणि मला कळलं, मौलालीभाई दुकानात
पॅकिंग देताना का हसले.
थेंब दिसला की मी आवळायची.
पुन्हा दिसला, पुन्हा आवळायची.
खांद्याचा सगळा जोर देऊन
गळती मीच केली होती,
कडा वाकवून, बोल्टाबोल्टानं.

"इकडे दे."
नानांनी चेंबर मांडीवर घेतलं,
खाली जुना टॉवेल, त्यावर ठोकळा.
हातोडी उचललीच नाही म्हणा,
तिच्याच वजनानं पडू दिली.
टक. डोळा मिटून कडेवर नजर. टक.
पलीकडच्या शेडमध्ये माग सुरू झाले
तेव्हा ती टकटक त्यांच्यात गेली,
वेगळी ऐकू येईना.

ब्लेडनं खरवडलं, रॉकेलनं पुसलं.
नवा कॉर्क पापडासारखा हलका.
"सगळे नुसते टेकव आधी.
मग मधून बाहेर, समोरासमोर.
मनगटानं फिरव, खांदा घरी ठेव."
"बास कधी, कळणार कसं?"
"कॉर्क जरासा फुगतो.
बाळ दूध तोंडात धरतं तसा.
तिथं थांब. तिथं थांबता आलं पाहिजे."

मागाचा बोल्ट शेवटी.
बाजारात नवा मिळाला असता,
नाही असं नाही.
पुठ्ठ्यावर त्याचं भोक मोठं होतं.
मी तो पुसला आणि तिथंच लावला,
नानांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

नवं तेल, मधासारखं, पावणेतीन लिटर.
खाली कालचा पेपर पसरला.
रात्री दोनदा उठून बॅटरी मारली. कोरडा.

सकाळी पेपरावर
शेअर बाजाराच्या रकान्यात
एक थेंब.

नाना काठी टेकत वाकले, किती दिवसांनी,
बोट बुडवलं, नाकाशी नेलं.
"गंधकाचा वास आहे. हे गिअरचं.
आपलं नव्हे."
आणि इतक्या समाधानानं चहा मागितला
की मला पुढचं काही बोलवेना.

आई रांगोळीचा डबा घेऊन दारात.
वळसा घालायचा की नाही,
तिला कुणीच सांगेना.