सातवं टेबल

डॉनकास्टर, बुधवार, संध्याकाळचे साडेसहा.
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये घडीची टेबलं,
नवख्यांसाठी जेवण, फुकट, प्रश्न कुठलाही विचारा.
मला सातवं टेबल मिळालं.
छातीवर स्टिकर. शरयूचं त्यांनी सरायू केलं.
असू दे.

"आज शेफर्ड्‌स पाय आहे," फिलिपा म्हणाली,
आणि मला दिसले मेंढपाळाचे पाय,
भेगाळलेले, आमच्या उपासनामंदिराच्या भिंतीवरचे.
राहुरीच्या पेंटरने त्यांना कोल्हापुरी वहाणा घातल्या होत्या.
ताटात निघाला बटाट्याखाली निजलेला खिमा,
मिरचीची ओळखही नसलेला.
मी दोनदा वाढून घेतला.
रात्रपाळीआधी पोट गरम असलेलं बरं.

शेजारी नॉर्मन, रेल्वेतून निवृत्त,
बायको गेल्यापासून सूप आणि टोस्टवर जगणारा.
समोर बेहरूझ, त्याचे कागद अजून कुठल्याशा टेबलावर पडून.
आणि फिलिपा, आमची यजमान,
माझ्याशी इतकं सावकाश बोलते
की मी जणू काचेची बरणी.
"येशूबद्दल कधी काही ऐकलंयस?"

ऐकलंय.
आजोबा, गणोबा अमोलिक, नदीत उतरले
आणि ओल्या धोतराने वर आले तेव्हा
गावाने बलुतं तोडलं होतं, भावकीने बोलणं.
वडील पाळक. चाळीस वर्षं एकच कोट,
त्याला आईची इस्त्री.
मी संडेस्कूलमध्ये पहिली, वचनं तोंडपाठ,
भजनाला ढोलकी माझी, नाताळच्या करंज्यांना मुरड माझी.
चारही शुभवर्तमानं मला मामाच्या गावच्या वाटेसारखी,
अंधारातसुद्धा ठेच लागायची नाही.

यातलं काहीच बोलले नाही.
म्हटलं, "थोडंफार."

तीन बुधवार असेच गेले.
बेहरूझ वाद घालायचा, मजेत, हात हलवून.
नॉर्मन म्हणायचा, देवाशी माझं बोलणं बंद आहे,
पण इथलं कस्टर्ड चांगलं असतं.

चौथ्या बुधवारी फिलिपाने कार्डं वाटली.
माझ्यावर लिहिलं होतं:
तू विश्वास ठेवतेस का?

सोपा पेपर.
मी तोंड उघडलं
आणि काहीच आलं नाही.

आजोबांना विचारलं होतं, कमरेएवढ्या पाण्यात,
काठावर अख्खं गाव उभं असताना.
त्यांनी होय म्हटलं आणि त्याचे पैसे जन्मभर फेडले.
मलाही विचारलं होतं म्हणा, दृढीकरणाच्या दिवशी,
पण आम्ही अकरा जणी होतो, पांढऱ्या फ्रॉकांत,
होय म्हणालो एका सुरात, सातच्या पाढ्यासारखं,
आणि माझं लक्ष चावणाऱ्या सँडलकडे.
मला तो मिळाला घरातल्या ट्रंकेसारखा,
वर आडनाव रंगवलेलं,
किल्ली आईच्या कमरेला.
उघडून बघ गं, असं कुणी म्हणालंच नाही.

फिलिपा घाबरली. तिला वाटलं, मी दुखावले.
"राहू दे, राहू दे हं."
नॉर्मनने स्वतःची कस्टर्डची वाटी
एक शब्दही न बोलता माझ्यापुढे सरकवली.
बेहरूझ म्हणाला, "माझं कार्ड घे, सोपं आहे."
त्यावर होतं: आजचा दिवस कसा गेला?
त्यालाही मला उत्तर सुचेना, मग आम्ही तिघं हसलो,
फिलिपा जरा उशिरा.

रात्री अडीचला, केअर होममध्ये,
मिसेस ऑल्डरॉइडना कुशीवर वळवताना
खिशातल्या कार्डाचा कोपरा मांडीला टोचला.
"कोण आहे?" त्यांनी विचारलं. रोजच विचारतात.
"मी," म्हटलं.
"मी कोण?"
हीटर टिकटिकत होता.
मी त्यांची उशी सारखी केली,
पुन्हा एकदा केली.

पुढच्या बुधवारी मासे आहेत म्हणे.
लिंबू आणि चिमूटभर तिखट पर्समध्ये टाकून नेणार आहे.
नॉर्मनने चव बघायचं कबूल केलंय.