दवणा

बाटली उघडली की फ्रीजमध्ये ठेवायची,
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.
गंगापूर रोडच्या आमच्या बारमध्ये ड्राय व्हर्मूथ
रम-व्होडकाच्या रांगेत, दिव्याखाली, दोन वर्षं उभी.
मार्टिनी मागणारे म्हणायचे,
नुसती दाखव ग्लासला. ओतू नकोस.

मग पिंपळगावचे तुळशीदास मोगल आले.
स्वतःच्या बागेची वाइन करून पाहिलेले,
दोनदा आंबवलेले, एकदा नासवलेले.
बूच हुंगून म्हणाले,
"अरे, ही वाइन आहे.
वाइन कोणी उन्हात वाळत घालतं?"

नवी बाटली. घोटभर, नुसती, गार.
आधी पांढरं द्राक्ष, मग लिंबाची साल,
मग काहीतरी हिरवं, कडू,
ओळखीचं, पण नाव आठवेना.

गणेशवाडीचा फूलबाजार. पहाटेचे पाच.
आईच्या ओल्या गोणपाटावर दवण्याच्या जुड्या.
दुपारपर्यंत माना टाकायच्या;
ती पाणी शिंपडत राहायची,
भाव उतरवत राहायची.

आता दोन भाग जिन, एक भाग ही.
बर्फावर सावकाश ढवळायचं, काच धुरकटेपर्यंत.
बाटलीवर तारीख लिहितो.
महिन्यात संपली नाही तर मुळीक कोळंबीत ओततो.

गिऱ्हाईक विचारतं, यात आहे काय?
"वाइन," मी सांगतो, "आणि दवण्याचा
कुणी परदेशी भाऊबंद."

रात्री दीडला घरी येतो.
आई अंधारातूनच विचारते,
"चैत्र तर कधीच सरला.
दवणा कुठून आणलास?"

मी शर्ट बादलीत भिजत घालतो.