आर, ई, टी

गेटवरची नोटीस दुपारपर्यंतही टिकली नाही.
शे-दोनशे हातांनी ती एकदमच वाचायला घेतली
आणि बाबांच्या वाट्याला आला
तळहाताएवढा तुकडा, मागे अजून ओली खळ.
तांडापेठेत तो पोचला खिशातून,
बिडीच्या बंडलाला चिकटून.

"पोरी, तुले येते नं इंग्रजी. पाय बरं, काय म्हन्ते थे."

मी सातवीत. माझं इंग्रजी म्हणजे
एक गाय, तिचे चार पाय
आणि ताप आल्याचा रजेचा अर्ज.
तुकड्यावर तीनच अक्षरं धड होती, मोठ्या लिपीतली :
आर, ई, टी.
चौथ्याची नुसती डावी कड.

मेश्राम मास्तरांची डिक्शनरी
इंदोऱ्याहून आणली, सायकलवर, पोत्यात गुंडाळून.
पुठ्ठा नव्हता. ए ते सी वाळवीनं नेलेलं.
आर शाबूत.
कूलरच्या वाऱ्यानं पानं उडत, म्हणून कूलर बंद केला.
मे महिना. सगळे घाम पुसत
माझ्या बोटाकडे बघत बसले.

रिटेन : ठेवून घेणे, हातचे न सोडणे.
रेटिना : डोळ्याच्या आतला पडदा. (तो मी गाळला.)
रिटायर : निवृत्त होणे; रात्री झोपायला जाणे, हेही.
रिट्रीट : माघार.
रिट्रेंच : काटछाट करणे, कमी करणे.
काय कमी करणे, ते दिलं नव्हतं.
रिटर्न : परत येणे.

"यष्टीचं असते थेच का रिटर्न?" बाबांनी विचारलं.
आई म्हणाली, "म्हंजे जाऊन येनं. मंग बरं हाय."

एकाच दारानं बाहेर पडलेले शब्द,
पुढच्या पावलाला एकमेकांचं तोंड न बघणारे.
मी तुकडा उजेडात धरला.
चौथ्या अक्षराची कड उभी होती. ओळंब्यात.
ए-चा पाय तिरपा असतो,
इतकं तेव्हाही कळत होतं मला.
आय असेल, यू असेल, आर असेल.
ए नव्हता.

मी बोट रिटेनवर ठेवलं.
"ठेवून घेणार आहेत," म्हटलं.

साच्यांच्या खडखडाटात सव्वीस वर्षं
ओठ वाचत आलेला माणूस.
त्यांनी माझे ओठ वाचले.
"बरं," म्हणाले,
आणि तुकडा त्याच पानात ठेवून दिला.
मास्तरांकडे डिक्शनरी गेली ती तुकड्यासकट.

दुसऱ्या दिवशी सातला, धुतलेला सदरा, डबा.
संध्याकाळी परत.
अकरा दिवस असंच, जाऊन येणं.
डबा रिकामा असायचा.
गेटसमोरच्या कुत्रीला पिल्लं झालीत, एवढंच सांगायचे.
बाराव्या दिवशी ते उठले आणि
सदऱ्याला हात न लावता
कूलरमध्ये पाणी भरायला लागले.
मला काहीच विचारलं नाही. कधीच.

आता मी धंतोलीत, एका छापखान्यात
इंग्रजी प्रुफं तपासते. नजर चांगली आहे म्हणतात.
ओळ संपते, शब्द मावत नाही,
अर्धा वर राहतो, पुढे बारीक आडवी रेघ.
बाकीचा खाली असतो, छापलेला, ठरलेला.
मालकांना वाटतं, बाई सावकाश काम करतात.
मी खालच्या ओळीवर
लगेच जात नाही.