पाठीकडून

गाणाऱ्यांचे चेहरे मला फारसे माहीत नाहीत.
पाठी माहीत आहेत.
श्वास घेताना बरगड्या उघडतात की नुसतेच खांदे चढतात,
घाबरल्यावर मानेमागे कुठली शीर उठते,
चाळीस वर्षं मी गाणं पाठीकडून वाचत आले.

अकराव्या वर्षी, गुरुवार पेठेतल्या चर्चमध्ये
मला पायपेटीवर बसवलं,
कारण माझे पाय पुरत होते
आणि तीमथ्यमामांचे डोळे गेले होते.
ते म्हणाले, रिबेका, मंडळी चुकली तर त्यांच्याबरोबर चूक.
एकटी बरोबर राहू नकोस.

बाकीचं नंतर. कॅम्पातल्या एका खडूस पारशी बाईंकडे,
मग जर्मनीतल्या लहानशा गावच्या ऑपेरात,
तळघरातल्या खोलीत,
जिथे अख्खा वाद्यवृंद माझ्या दहा बोटांत बिऱ्हाडाला होता:
करंगळीत बासऱ्या, अंगठ्यात तुताऱ्या,
डावीकडे चेलो, दाटीवाटीने, भाडं थकल्यासारखे.
पहिल्या प्रयोगाला खरा वाद्यवृंद यायचा
आणि मी संध्याकाळची मोकळी.

आई पडली म्हणून परत आले.
लोक विचारत, तिकडे गायचीस? नाही.
मग वाजवायचीस? तसं नाही, म्हणजे हो.
आत्या सांगत सुटली, आमची रिबेका तिकडे पेटीवर असते.
एवढं नेमकं मला कधी जमलं नाही.

वानवडीत, दुसऱ्या मजल्यावर, सात हमालांनी शिव्या देत चढवलेला पियानो.
पावसाळ्यात पट्ट्या फुगतात,
म्हणून त्याच्या पोटात चाळीसचा बल्ब जळत ठेवते.
गुरुवारी वीज गेली की पहिली काळजी त्याची.

यतीन खोपडे येतो धायरीहून, बापाच्या गॅरेजमधून,
नखांत ग्रीस; आवाज असा,
की रिकाम्या टाकीत उतरून कुणी हाक मारावी.
त्याला सांगते, इटालियन त हा आपलाच त, दाताजवळचा,
तो इंग्रजीकडून उसना आणू नकोस.
श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरव,
पाणी कुठे भरायचं ते ठरवून माणूस घाट चढतो तसं.
त्याच्यासमोरची प्रेयसी, तिचा बाप, हवालदार,
सगळे मीच गाते, फाटक्या आवाजात.
दर मंगळवारी साडेसहाला विष पिऊन मरते
आणि सातला चहा टाकते.

साथीच्या वर्षात साथ बंद होती.
शब्द एकच, तेव्हा कुणाला हसू आलं नाही.
फोनवर आवाज अर्ध्या मात्रेने उशिरा पोचायचा,
म्हणून मी एकटीच वाजवून पाठवायचे,
मध्ये श्वासापुरत्या जागा सोडून.
पान वाढून ठेवायचं आणि पाहुणा कोल्हापुरात.
त्यातली एक जागा बेनेडिक्टाची,
ती लांब श्वास घ्यायची, उगाचच लांब,
मी नेहमी ओरडायचे.
ते रेकॉर्डिंग तिने उघडलं नाही.
जागा तशीच आहे, सव्वादोन सेकंदांची.

गेल्या महिन्यात यतीनची परीक्षा.
पत्रिकेत खाली, बारीक: पियानो साथ, श्री. आर. साळवे.
तिसऱ्या पानावर त्याने दीड ओळ गाळली.
मला कळायच्या आत हात तिकडे गेले होते;
त्याची डावी बरगडी लवकर उघडली, एवढंच.
परीक्षक लिहीत राहिले.

बाहेर जिन्यात त्याने विचारलं, बाई, कुठे चुकलो का?
कॉलरला घाम, इस्त्रीची घडी अजून शाबूत.
पहिल्यांदाच समोरून नीट पाहिला मी त्याला.
हनुवटीवर जुनी खूण आहे, टाक्यांची.

कुठे? म्हटलं.
चल, आज गुरुवार आहे.
वीज आली असेल तर बल्ब बघायचाय.