कंसातले आकडे

उमरेड रोडच्या कोळसा-काट्यावरचं मशीन
रोज दुपारी तीनच्या सुमारास निळं पडतं.
ट्रकवाले हॉर्न देतात, काटेवाले आम्हाला फोन.
त्याचा डम्प माझ्यापुढे उघडा,
परसोडीच्या आयटी पार्कात, रात्री सव्वादोनला.
एसी बंद. खिडकीतून मे महिना आत.

फंक्शनांची उतरंड, खालून वर रचलेली:
कोणी कोणाला हाक मारली,
आणि सगळ्यात वरचं कोण फुटलं.
प्रत्येक नावाशेजारी चार-चार आकडे.
मी ते वहीत उतरवून घेतले,
जबानी घ्यावी तसे.

तितरमारे बाईंनी वही पाहिली.
"काहून लिहून राह्यला बे हे?
याले तर एकच गोष्ट देल्ली होती.
चार कुठून आल्या?"

नावं खरी, म्हणाल्या. क्रमही खरा, बहुतेक.
पण जे द्यायचं ते हातोहात दिलं होतं, रजिस्टरात.
स्टॅकवर त्याच्या नावची जागा राखलेली असते, नुसती.
कोणी ठेवतं तिथे, कोणी नाही,
कोणी आपलंच काहीबाही कोंबतं.
डीबगर जागा बघतो आणि वाचून दाखवतो,
दारावरची जुन्या भाडेकरूची पाटी
पोस्टमनने वाचावी तशी.

मग खरं कुठे?

हाक मारणाऱ्याकडे.
त्याच्या सूचना एकेक उलट्या वाचत गेलो:
हाक मारण्याआधी काय उचललं, कुठून उचललं.
आरबीएक्समधून.
आणि आरबीएक्स तर पुढच्याने वापरायला घेतलेलं.
पण घेण्याआधी, रीतीप्रमाणे,
त्यात होतं ते त्याने बाजूला ठेवलं होतं
जाताना परत करायचं म्हणून.

त्याला जाता आलं नाही.

म्हणून ते अजून तिथेच होतं.
पत्ता बरोबर. पत्त्यावर कोणी नाही.
बफर केव्हाच मोकळा केलेला.

"तीनला काय होते तिथं?"
पाळी बदलते, मी म्हणालो.
पहिला पोर्ट बंद करून उठतो,
आणि काट्यावर ट्रक अजून डुलत असतो,
वजन येतच असतं.

बाई काही बोलल्या नाहीत. डबा उघडला,
गार झालेली पाटवडी अर्धी माझ्याकडे सरकवली.

वहीतले आकडे खोडत बसलो.
एक मात्र बरोबर निघाला,
त्याच पत्त्याचा, त्याच कंसात.
मी त्याभोवती गोल काढला.

"तो बी खोड," त्या म्हणाल्या.
"थो चुकून खरा हाये."