किमान तीनशे

प्राचार्यांनी काउंटर माझ्याच हातात दिला, कारण
एकवीस वर्षं भौतिकच्या लॅबमध्ये व्हर्नियर पुसतोय मी.
मोजमापात तुमचा हात स्वच्छ आहे, म्हणाले.
लीगचा नियम नवा आहे:
घरच्या सामन्याला माणसं किमान तीनशे,
तीनदा कमी भरली की संघ बाद.
दोनदा भरलेली नाहीत.

शुक्रवार, दुपारचे चार, त्यात सुगी.
देसूरकडची पोरं भात कापायला,
वडगावची मागावर,
हॉस्टेलची कालच गावाला पळालेली.
तांबड्या मातीवर चुन्याची ओली रेघ,
तिच्यावरून एक टिटवी चालत गेली.
मी बोट आवरलं.

लाउडस्पीकरवर तीन भाषांत सांगून झालं
प्रवेश फुकट आहे म्हणून.
मग सांगितलं, मध्यंतराला चहा आहे.
चौदा आले.

माणसं मोजणं या भागाला नवं नाही.
इथं डोकं मोजायच्या आधी जीभ विचारतात,
मग कुठल्या रकान्यात घालायचं ते ठरतं.
या यंत्राला रकाना नाही.
अंगठ्याखाली टक्, लघुत्तम माप एक माणूस.
आत तर पोरं चेंडू मागताना 'कोडो, कोडो' ओरडतात सगळीच,
हंचिनमनी, सांबरेकर, मिलाग्रिस,
आणि गोल हुकला की शिव्या मराठीत.

पायऱ्यांवर सहाजण, पाठ मैदानाकडे.
मोबाईलात कुठल्या तरी हिरव्यागार देशात
फुटबॉलच चाललेला.
धरायचे का यांना?
पलीकडे किल्लेदारची आई, तीही पाठ करूनच बसलेली,
पोरगा गोलात उभा, त्याच्याकडं येणारा चेंडू
तिला बघवत नाही.
लोक ओरडले की तेवढं विचारते शेजारणीला,
"अडवला काय गं?"
तिला टक्. मग त्या सहांनाही द्यावंच लागलं.

कंपाउंडच्या भिंतीवर दोघं चढलेले.
"बाहेरनंच बघालेत की ते," शिपाई म्हणाला, "त्यांनापण धरा."
पाय बाहेर, मान आत.
लॅबमध्ये मी पोरांना सांगतो, डोळा सरळ ठेवा,
तिरकं बघितलं की वाचन चुकतं.
म्हणून जवळ गेलो, सरळ उभा राहिलो,
बघतो तर दोघं नव्हे, तिसरा खाली खांदा देऊन उभा,
त्याला काहीच दिसत नाही.
त्याचं काय करायचं म्हणून थांबलो
आणि पाठीमागं आरडाओरडा झाला.

अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आमचा गोल.
या मोसमातला घरच्या मैदानावरचा पहिला.
सगळ्यांनी बघितला. मोबाईलवाले सहासुद्धा वळले म्हणे.
किल्लेदारच्या आईला शेजारणीनं धरून फिरवलं.
मी भिंतीकडं तोंड करून होतो.

शिट्टी झाली तेव्हा दोनशे सेहेचाळीस.
मला धरून सत्तेचाळीस झाले असते,
पण ज्यानं गोल बघितला नाही
त्याला प्रेक्षक कसा म्हणायचा?
पोरं चिखलाचे मोजे पिळत माझ्याकडं बघत होती.
विचारलं एकानंही नाही.
मिलाग्रिसनं नुसती हनुवटी वर केली. मी पिशवी आवरली.

खानापूर बसला गर्दी होती.
कंडक्टर म्हणाला, "एष्टु?"
म्हटलं, एक.
त्या दिवसातला तेवढाच आकडा मी न अडखळता सांगितला.

पिशवीत जेवणाचा डबा, डब्याला टेकून काउंटर.
पिरनवाडीच्या पुढं रस्ता उखडलेला,
खड्डा आला की डबा उडतो आणि आतनं आवाज येतो,
टक्.
मच्छेपर्यंत मला वाटलं चमचा असेल.
मच्छेच्या पुढं कळलं.
कळल्यावर पिशवी मांडीवर घ्यायला हवी होती,
ती मी पायाशीच राहू दिली.
सकाळी प्राचार्य आकडा विचारणार नाहीत,
यंत्रच मागतील.

गर्लगुंजीच्या फाट्यावर उतरून दिव्याखाली बघितलं,
डोळा सरळ ठेवून:
तीनशे सात.
रस्त्याचं काम मार्चच्या आधी
निघत नाही म्हणतात.